वेताळ अमर नाही, तो एकविसावा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुलांच्या वाचनावर एक लेख आला होता. तो आमच्या दुकानात मोठ्यानं वाचला गेला. वाचणारे एक निवृत्त सर, पॅन्टची कंबर सैल करून घ्यायला आलेले. ऐकणारे मी, मशीनवरचा माझा कारागीर आणि शाळेतून थेट दुकानात येऊन बसणारा माझा नातू. लेख मनापासून लिहिलेला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातल्या दोन गोष्टींपाशी माझा खडू कापडावर थांबला. एक, सुपरहिरोंच्या चित्रकथा वाचताना अविश्वासाला रजा द्यायची, तिथं तर्क शोधायचा नसतो, हे लेखकाचं म्हणणं. दोन, वेताळ म्हणजेच फँटम, चित्रकथेतला तो जंगलातला मुखवटेवाला नायक, अमर असल्यामुळं त्याच्या गोष्टीत धाकधूक उरत नाही, हे विधान. दुसरी सरळसरळ चूक आहे. पहिलीवर आमच्यात दोन दिवस वाद झाला आणि त्या नादात एका सफारीची बाही उलटी बसली. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, कापण्याचा राग टेलरला येत नाही.

दुसरीपासून सुरुवात करतो, ती सोपी आहे.

वेताळ अमर नाही, तो एकविसावा आहे. १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून एकटा वाचलेला एक तरुण किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर त्यानं शपथ घेतली, आणि तिथून बापामागून मुलगा असा तो मुखवटा चालत आला. जंगलातल्या लोकांना वाटतं की हा एकच माणूस चारशे वर्षं फिरतोय. वाचकाला मात्र आतली गोष्ट माहीत असते. कवटीच्या गुहेत आधीच्यांची थडगी आहेत, त्यांच्या हातच्या रोजनिशा ओळीनं लावलेल्या आहेत. ली फॉक यांनी ही चित्रमालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली. १५३६ ते १९३६ म्हणजे ४०० वर्षं, आणि होऊन गेलेले वेताळ २०. एकेकाच्या वाट्याला सरासरी वीस वर्षं आली. बंदुका, चाकू आणि जंगली जनावरं यांच्याशी रोज गाठ असलेल्या माणसाला वीस वर्षं म्हणजे रास्तच. हिशेब बसतो. शाळेत असताना हा हिशेब मी बिलबुकाच्या मागच्या बाजूला केला होता आणि बिलबुक खराब केलं म्हणून वडिलांचा मार खाल्ला होता. त्यामुळं तो पक्का लक्षात आहे.

मी बेळगावातल्या शहापूरचा. वय ६६, धंदा वडिलार्जित. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० पर्यंत चालली. त्यातली पहिली काही वर्षं सोडली तर बाकी सगळा काळ मी त्यांच्या मागावर होतो. शनिवार खुटाजवळ एक रद्दीवाला बसायचा. दिवसाला दहा पैसे देऊन अंक वाचायला मिळायचा, पान दुमडलं तर आणखी पाच. मी कधी पान दुमडलं नाही. त्या अंकांत वेताळाचं जंगल ‘डेंकाली’त असायचं. मूळ मालिकेत ते बेंगाला, पण आपल्याकडं लोकांना बंगाल वाटेल म्हणून नाव बदललं होतं. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं काही वाटलं नाही. आम्ही सीमाभागातली माणसं. बसच्या पाटीवर एक नाव, आजीच्या तोंडी दुसरं आणि सरकारी कागदावर तिसरं, असं एकच गाव आम्ही रोज बघतो. नाव काहीही द्या, नदी आणि डोंगर जागच्या जागी असले म्हणजे झालं. डेंकालीत ते असायचे.

आणखी एक सूट आम्ही त्याला दिली होती. वेताळाचं आणि त्याच्या प्रेयसीचं, डायनाचं, लग्न लागलं १९७७ साली. मालिका सुरू झाल्यापासून ४१ वर्षांनी! बेळगावात एखाद्यानं एवढं ताटकळत ठेवलं असतं तर मुलीच्या मामानं त्याची कवटीची अंगठी काढून घेतली असती. त्या ४१ वर्षांत ना त्याचा केस पिकला ना तिचा. पण हे आम्ही कधी विचारलं नाही. चित्रकथेतलं घड्याळ हळू चालतं हे दारातच कबूल केलेलं होतं. तो मात्र गोळी लागून रक्तबंबाळ व्हायचा, तापानं फणफणायचा, आणि हा मेला तर बाविसावा अजून झालेला नाही ही धास्ती आम्हाला असायची. लेखकानं म्हटलेली धाकधूक इथंच होती. तो अमर असता तर मी दहा पैसे कशाला घालवले असते?

आमच्या घरात त्या वेळी वेताळ दोन होते. एक हा, दुसरा चांदोबातला, राजा विक्रमाच्या खांद्यावरचा. आईला तोच खरा वाटायचा. त्याची अट आठवा. गोष्ट ऐकून उत्तर माहीत असूनही गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी निघालो झाडावर. प्रेत बोलतं, उडतं, राजाला कोडी घालतं, यातलं काहीच आईला खटकायचं नाही. एकदा पुढच्या महिन्याचा अंक मिळाला नाही म्हणून मी मनानंच शेवट रचून तिला सांगितला. राजा हुशारीनं गप्प बसला आणि वेताळाला घेऊन गेला, असा. भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मग डोकं फुटलं न्हाई व्हय त्याचं?” मला उत्तर देता आलं नाही. जुन्या संस्कृत गोष्टीत शेवटी राजा गप्प बसतो तो खरोखरच उत्तर येत नाही म्हणून, त्यामुळं डोकंही शाबूत राहतं. सुटकेची वाट त्या अटीतच ठेवलेली होती. मी मात्र भिंत फोडून बाहेर पडलो होतो, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं मला तिथल्या तिथं पकडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. तर्क नाही म्हणून वाचक बिथरत नाही. सांगणाऱ्यानं स्वतःच घातलेली अट मोडली की बिथरतो. ज्यानं दारात एवढी मोठी थाप पचवली, तो आत गेल्यावर बारीकसारीक गोष्टींचा हिशेब जास्तच कडक मागतो.

लेखकानं अविश्वासाच्या रजेसाठी कोलरिज या इंग्रज कवीचा दाखला दिला आहे. आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी ते पान झेरॉक्स करून आणलं आणि कात्री बाजूला ठेवायला लावून मला समजावून सांगितलं. १८१७ साली कोलरिज लिहितो ते असं, की कल्पनेतल्या या सावल्यांना माणसाचा ओलावा आणि खरेपणाचा भास इतका द्यायचा, की वाचक आपणहून तेवढ्या क्षणापुरता अविश्वास बाजूला ठेवेल. म्हणजे काम लिहिणाऱ्याला सांगितलंय. रजा मंजूर व्हावी यासाठी आधी त्यानं राबायचं आहे. लेखात मात्र सगळं काम वाचकावर टाकलंय, जणू रजा त्याच्याकडं शिल्लकच पडून होती.

हे पुस्तकात वाचण्याआधी मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं आजोळ जांबोटीच्या पुढं, रानात. तिथल्या जत्रेला एकदा घाटाखालचे दशावतारी आले होते. गॅसबत्त्या, पेटी, पखवाज, झांज आणि मधोमध एक लाकडी बाकडं. तेच बाकडं आधी सिंहासन झालं, मग रथ, मग पर्वताचं शिखर. राणीच्या गालावर दाढीची खुंटं दिसत होती. कुणी हूं की चूं केलं नाही. पुढं राजाला शाप मिळाला आणि त्याचे डोळे गेले. पुढच्याच प्रवेशात तो नट तडक आला, बाकड्याला सरळ वळसा घालून बसला. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घोंगडीतून ओरडली, “आंधळा न्हवं तू? बाकडं बरं दिसालंय तुला!”

अख्खा मांडव हसला. पेटीवाला थांबला. नट क्षणभर गप्प राहिला, मग मान त्या आवाजाच्या दिशेला पण नजर भलतीकडंच ठेवून म्हणाला, “आजीबाई, चाळीस वर्षं या सिंहासनाभोवती फिरलो. डोळे गेले, पाय कुठं गेलेत?” टाळ्या पडल्या. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे त्यानं जागच्या जागी शिवलं. त्यानंतर उजाडेपर्यंत तो चाचपडतच वावरला आणि आम्ही सगळे त्याच्या पायांकडं बघत राहिलो. म्हातारीनं नाटक बिघडवलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तिच्यामुळं ते नीट बसलं.

अमेरिकेत हाच प्रकार कागदावर झाला. मार्व्हल कंपनीच्या अंकांत मागं वाचकांच्या पत्रांचं पान असे. लोक चुका काढून पाठवत. त्यांचे लेखक-संपादक स्टॅन ली एकाच वेळी इतक्या मालिका लिहीत की हल्क नावाचा राक्षसी नायक होणाऱ्या डॉक्टर ब्रूस बॅनरला १९६४ साली त्यांनी चक्क बॉब बॅनर करून टाकलं. पत्रं आली. त्यावर खुलासा असा, की त्याचं पूर्ण नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे. आजही तेच चालतं. बघा, पायांनी सिंहासन ओळखलंच! त्याच सुमारास त्यांनी चूक काढणाऱ्यांसाठी एक गमतीचं बक्षीस सुरू केलं, त्याचं नाव ‘नो-प्राइझ’. पुढं पुढं नुसती चूक दाखवून ते मिळेना. ती चूक प्रत्यक्षात चूक का नाही, हेही वाचकानंच शोधून कळवायचं. मग घरी पाकीट यायचं, वर छापलेलं की अभिनंदन, आत तुमचं नो-प्राइझ आहे. आत काहीही नसायचं. आमच्या नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आज्जा, फसवलं की ओ!” मला वाटतं त्या पाकिटाएवढा मान वाचकाला दुसऱ्या कुणी दिला नसेल.

आता कापडाचं बोलतो, कारण माझी नजर तिथंच जाते. १९३८ च्या जूनमध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला तेव्हा तो उडत नव्हता. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी त्याला उडी दिली होती, एक अष्टमांश मैलाची. म्हणजे बरोबर एक फर्लांग. आमच्या पिढीला फर्लांग पायांनी माहीत आहे, म्हणून ती उडी मला दिसते. शिवाय पहिल्याच पानावर त्यांनी कारण दिलं. मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं उचलते, नाकतोडा एवढासा असून केवढी झेप घेतो, मग दुसऱ्या ग्रहावरच्या माणसाला हे का जमू नये? कारण पोकळ आहे, शास्त्राचे सर हसतील. पण दिलंय. दारात आलेल्या माणसाला बसायला पाट दिलाय.

पुढं काही वर्षांत रेडिओवर आणि हलत्या चित्रांत तो थेट उडू लागला. त्याला दुबळा करणारा क्रिप्टोनाइट आला तोही १९४३ साली रेडिओवर, छापील अंकात यायला १९४९ उजाडलं. ही वाढ मला खटकत नाही. आमच्यात कपड्याच्या शिवणीत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोराच्या शर्टाला माया ठेवली की दोन वर्षांनी उसवून वाढवता येतो, जोड दिसत नाही. एक फर्लांग उडी मारणाऱ्याला आकाशात न्यायला पुरेल एवढी माया त्या पहिल्या पानात होती. आणि जो इतका बलवान झाला त्याला कुठंतरी दुखायला हवंच होतं.

माझा कारागीर गोकाककडचा. मराठी बोलतो, वाचत नाही. चित्रं मात्र बारकाईनं बघतो. सुपरमॅन कोट-पॅन्ट काढून उडाला ते चित्र बघून त्यानं विचारलं, “मालक, काढलेली कपडे कुठं ठेवला ह्यो?” शंभर रुपयांचा प्रश्न. पुढच्या काळातल्या अंकांत याचं उत्तर आहे. त्याच्या झग्याला आतून एक चोरखिसा असतो आणि कपडे दाबून दाबून त्यात बसवलेले असतात. त्याचा पोशाख फाटत का नाही, यालाही उत्तर आहे. तान्हेपणी ज्या दुलयांत गुंडाळून त्याला पृथ्वीवर धाडलं त्या उसवून त्याच्या पाळणाऱ्या आईनं तो केला, म्हणून ते कापड परग्रहाचं. मग माझा पुढचा प्रश्न, फाटत नाही तर कात्री कशी चालली? तर नाहीच चालली. दोरे तोडले ते त्या पोराच्या नजरेच्या उष्णतेनं. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटाच होतो, तरी उठून उभा राहिलो. ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरात कुणीतरी शिवणकाम करणारं असणार.

स्पायडरमॅनच्या बाबतीत मात्र मी अडतो. ऑगस्ट १९६२ चा अंक, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. कोळी चावला, मान्य. भिंतीवर चढला, मान्य. जाळं फेकायचं यंत्र शाळकरी पोरानं स्वतः बनवलं, तेही मान्य, विज्ञानात हुशार आहे म्हणून सांगितलंय. पण तो अंगाला घट्ट बसणारा पोशाख, मुखवट्यावर मधोमध जुळलेल्या त्या जाळीच्या रेघा, हे कुणाकडूनही न शिकता पोरानं शिवलं? चाळीस वर्षं मशीनवर बसलेल्याला विचारा. सर म्हणाले, “तुमचा अविश्वास भलत्याच ठिकाणी जागा झाला.” खरं आहे. ज्याचा त्याचा काटा आपापल्या धंद्यापाशी अडतो. वडगावचा विणकर कापडाच्या पोतापाशी अडेल, डॉक्टर जखमेपाशी. मी तो काटा आजही काढलेला नाही, आणि तरी स्पायडरमॅन वाचायचं सोडलं नाही.

सोडलं नाही त्याचं कारण जून १९७३ चा १२१ वा अंक. लेखन जेरी कॉनवे, चित्रं गिल केन. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली पाडतो. स्पायडरमॅन वरून जाळं सोडतो, ते तिला गाठतं, ती मधेच थांबते. वाचली! आणि मानेपाशी बारीक अक्षरांत एकच आवाज छापलाय, ‘स्नॅप’. तो तिला वर ओढून घेतो तेव्हा ती गेलेली असते. पुढं पत्रांच्या पानावर संपादकांनी कबूल केलं की पडणं अचानक थांबलं, त्या हिसक्यानं मान मोडली.

नातवाला हे पटेना. जाळ्यात धरली म्हणजे वाचायला पाहिजे. मी रिळाचा दोरा हातभर काढला आणि दोन्ही टोकं त्याच्या हातांत दिली. म्हटलं, ओढ सावकाश. ओढला, बोटाला वळ उठला, दोरा तसाच. म्हटलं, आता हिसका दे. कट्. दोरा वजनानं तुटत नाही, हिसक्यानं तुटतो, हे आम्ही दिवसातून दोनशे वेळा करतो. तो तुटक्या दोऱ्याकडं बघत बसला. “म्हणजे त्यानंच मारली?” मी काही बोललो नाही. मशीनवरचा कारागीरही थांबला होता. थोड्या वेळानं पोरगं म्हणालं, “हळू थांबवायला पाहिजे होतं.” आता संपादक महाराज, तर्काला खरोखर रजा दिली असती तर या पोराला ही टोचणी लागली असती का? आधी हजार वेळा त्याच जाळ्यानं माणसं अलगद झेललेली आम्ही पाहिली होती. या एका वेळी त्यांनी जाळ्याचा हिशेब शेवटपर्यंत मांडला.

गंमत म्हणजे त्याच प्रसंगात मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टनचा लिहिलाय आणि चित्रात ब्रुकलिनचा काढलाय. राजहंसगड लिहून वल्लभगड काढल्यासारखं. न्यूयॉर्कच्या वाचकांनी पकडलं ते. मला शहापुरात बसून काय कळणार? पूल पूलच. ती पडली एवढं खरं.

रंगाचंही सांगून टाकतो, लेखाशी संबंध नसला तरी. वेताळ ली फॉक यांच्या मनात करडा होता. १९३९ साली रंगीत पानं आली तेव्हा तो जांभळा छापून आला आणि तसाच राहिला. हल्कसुद्धा मे १९६२ च्या पहिल्या अंकात करडाच होता. छपाईत तो करडा एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. पॅन्ट मात्र जांभळी! एकाचा करडा जाऊन जांभळा आला, दुसऱ्याचा जाऊन हिरवा. डाइंगवाल्याकडं कापड टाकणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. हल्कची पॅन्ट कमरेला का टिकते, हा प्रश्न मला गल्लीतल्या प्रत्येक पोरानं विचारलाय. माझं उत्तर ठरलेलं आहे, चांगला शिंपी.

सगळंच माफ करतो असं नाही. एक गोष्ट मी माफ केलेली नाही, ती म्हणजे मेलेल्याला परत आणणं. १९८८ साली बॅटमनचा जोडीदार रॉबिन, म्हणजे त्यातला दुसरा, जेसन टॉड, जगावा की मरावा यावर त्यांनी वाचकांकडून फोनवर मतं मागवली. मरावा ५३४३, जगावा ५२७१. फरक ७२. आमच्याकडं ग्रामपंचायतीच्या वॉर्डात एवढ्या फरकानं माणूस पडतो आणि पाच वर्षं गप्प बसतो. हा २००५ साली उठून परत आला. १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅन मेला, वर्षाच्या आत परतला. त्याला कारणंही दिली, यंत्रं दाखवली, खुलासे छापले. पण अशा वेळी खुलाशानं काही भागत नाही. मरण ही त्यांनीच घातलेली अट होती. ती त्यांनीच उसवली आणि आत माया नव्हती, कापड तिथंच फाटलं.

सुपरमॅन मेला त्या साली माझी आई गेली, दोन वेताळांची वाटणी करणारी. मुलगा आठ वर्षांचा होता. सुपरमॅन गेल्याचं मीच त्याला पेपरातून वाचून दाखवलं होतं, आणि दोघांचं दुःख त्यानं एकत्रच केलं, पोरं करतात तसं. पुढच्या वर्षी तो परत आल्याचं कळलं तेव्हा मुलगा काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा कॉमिक्सचा गठ्ठा रद्दीत निघाला. मी कारण विचारलं नाही. आजही तो ही पुस्तकं हातात धरत नाही. नातवाला मीच वाचून दाखवतो.

दुसऱ्या टोकाचंही खूळ आहे, ते थोडक्यात. १९६१ साली फ्लॅश या वेगवान सुपरहिरोच्या एका अंकात जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश भेटले. एकाच नावाचे दोघे कसे, तर पृथ्वी दोन आहेत. कल्पना झकास. मग तिसरी पृथ्वी, चौथी पृथ्वी, प्रत्येक विसंगतीला एक नवं ठिगळ. शेवटी १९८५-८६ मध्ये बारा अंक खर्चून सगळ्या पृथ्वी मोडून एक करावी लागली. मी ते भाच्याकडून पुण्याहून मागवून वाचलं. चित्रं थक्क करणारी, जॉर्ज पेरेझची. पण वाचताना आपण गोष्ट वाचतोय की मार्चअखेरचं खातं मिटवतोय ते कळेना. दशावतारातली म्हातारी एकदाच ओरडली होती. ती दर पाच मिनिटांनी ओरडली असती तर मीच तिला घोंगडीत गुंडाळली असती.

तर, आमची मागणी छोटी आहे. लेखातलं वेताळ अमर असल्याचं विधान चुकीचं आहे, तो एकविसावा आहे, एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी. किंवा लेखकानं तसं का लिहिलं याचा असा काही खुलासा द्यावा की चूक चूक राहणार नाही. उदाहरणार्थ, ते जंगलातले रहिवासी असून त्यांना आतली गोष्ट कुणी सांगितलेली नाही. तसं असेल तर आमची हरकत नाही. चूक काढल्याबद्दल रिकामं पाकीट पाठवलंत तरी चालेल, पोस्टमनला दुकान माहीत आहे.

नाव छापू नये. नातवाच्या शाळेचं गॅदरिंग जवळ आलंय, वर्गातल्या चार पोरांचे झगे माझ्याकडंच शिवायला आलेत, आणि चौघांनाही आतून चोरखिसा हवाय.

आपला,
शहापूरचा एक टेलर
बेळगाव